बर्डीतला गेमिंग पीसी आणि गावची वीज

ऑक्टोबर २०२४ मध्ये नागपूरच्या बर्डीतील एका दुकानातून जोडून घेतलेल्या गेमिंग पीसीने हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावात हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू काढले असल्यामुळे आता त्याविषयी लिहायला हरकत नाही. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ यांसारखे जड गेम चित्राच्या सगळ्या सेटिंग ‘अल्ट्रा’वर, म्हणजे सर्वोच्च दर्जावर ठेवून न अडखळता चालावेत, एवढीच माझी अपेक्षा होती. "एवढ्या पैशात तं पऱ्हाटीचा अख्खा खर्च निघते," असे बाबा म्हणाले, आणि ते खोटे नव्हते.

दुकानदाराने सुरुवातीला लिहून दिलेल्या कोटेशनमध्ये महागडा प्रोसेसर, लिक्विड कूलर, रंगीत दिव्यांचे सहा पंखे आणि या सगळ्यातून उरलेल्या पैशात बसणारे ८ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड (गेमचे चित्र रंगवणारा भाग) होते. गेमिंगसाठी हे गणित उलटे आहे. आधी मॉनिटर ठरवावा, मग कार्ड आणि त्यानंतर बाकीचे. फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात, त्याहून बारीक चित्राच्या १४४०पी पडद्यावर सुमारे ३७ लाख आणि सर्वांत बारीक फोरकेवर सुमारे ८३ लाख. म्हणजे तोच गेम फोरकेवर खेळताना कार्डाला फुल एचडीच्या चौपट बिंदू रंगवावे लागतात, आणि त्या ओझ्यात प्रोसेसर फारसा हातभार लावू शकत नाही. ८ जीबीच्या कार्डाची अडचण आणखी वेगळी आहे. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरचे बारकावे) सर्वोच्च ठेवले की त्याची मेमरी भरते, आणि मग दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची सरासरी कागदावर चांगली दिसत असली तरी वळणावर गाडी फिरवताना चित्र मध्येच झटका खाते. ६० फ्रेमच्या वेगाला एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. त्यातली एखादी फ्रेम ५० मिलिसेकंदांनी आली तरी डोळ्याला ते लगेच कळते.

म्हणून मी सेकंदाला १६५ फ्रेम दाखवू शकणारा (१६५ हर्ट्झ) १४४०पी मॉनिटर, १२ जीबीचे आरटीएक्स ४०७० सुपर हे कार्ड, सहा कोअरचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि ७५० वॅटचा गोल्ड दर्जाचा पॉवर सप्लाय घेतला. १६ जीबी मेमरीमुळे आरएक्स ७८०० एक्सटी या दुसऱ्या कार्डाचा मोह झाला होता. पण त्याचा वीजवापर २६३ वॅट आणि ४०७० सुपरचा २२०, हा फरक आमच्या उन्हाळ्यात मला महत्त्वाचा वाटला. लिक्विड कूलर काढून साधा हवेचा कूलर बसवून घेतला, आणि त्याची उणीव आजवर भासलेली नाही.

जोडणी व्यवस्थित होती आणि वायरी नीट बांधलेल्या होत्या. तरीही घरी आणल्यावर पहिल्या रात्री गेम अक्षरशः रांगत होता. फोन केल्यावर दुकानातल्या मुलाने एकच प्रश्न विचारला, "भाऊ, मॉनिटरची वायर वरती लावली का खालच्या आडव्या पोर्टात?" मी ती खाली कार्डाला लावण्याऐवजी वरती, मदरबोर्डला लावली होती, आणि रायझन ७६०० मध्ये स्वतःचे छोटे ग्राफिक्स असल्यामुळे पडदा दिसत होता, एवढेच. ही चूक माझी. मात्र ६००० वेगाची म्हणून विकलेली रॅम ४८०० वरच चालत होती, कारण बायोसमधील (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधील) एक्स्पो हा रॅम पूर्ण वेगाने चालवण्याचा पर्याय दुकानात कोणी सुरूच केला नव्हता. हे मला पंधरा दिवसांनी स्वतः शोधावे लागले. जोडणीचे वेगळे पैसे घेणाऱ्या दुकानाकडून हे अपेक्षित नाही.

खरी परीक्षा विजेने घेतली. केबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत होत्या, कारण घराला अर्थिंगच नव्हते. वायरमनकडून अंगणात खड्डा खणून घेऊन कोळसा आणि मिठाच्या थरांत प्लेट पुरली, तेव्हा ते थांबले. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे लागते. ओलिताच्या दिवसांत संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि वीज केव्हाही जाते. जुना ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देऊ शकतो, तर गेम चालू असताना मॉनिटरसह माझा संच ४०० वॅटच्या आसपास ओढतो. त्यामुळे वीज गेली की यूपीएस एकदा किंचाळून सगळेच बंद करत असे. शेवटी १५०० व्हीएचा, घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा साइन वेव्ह यूपीएस घेतला. स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह आजच्या काही पॉवर सप्लायना मानवत नाही, हेही तेव्हाच समजले. हा खर्च कोटेशनमध्ये कुठेच नव्हता.

डिसेंबरमध्ये खेळताना कार्डाचे तापमान ६० अंशांच्या आसपास राहत असे. मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर गेल्यावर ते ७८ पर्यंत चढले. खोलीतल्या पाण्याच्या कूलरची हवा थेट केबिनेटवर सोडण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण ओलसर हवेत आमच्याकडची काळी धूळ आणि जिनिंगच्या हंगामातला कापसाचा तंतू मिळून फिल्टरवर चिखलासारखा थर बसतो. त्याऐवजी मी कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणली. ९० च्या जागी ८६ फ्रेम मिळतात, पंख्याचा आवाज मात्र निम्म्यावर आला.

सायबरपंक १४४०पी अल्ट्रावर, रे ट्रेसिंगविना (प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवण्याच्या पद्धतीविना), मनासारखा चालतो. पाथ ट्रेसिंग हा त्याचाच सर्वांत जड प्रकार सुरू केला की डीएलएसएसचा, म्हणजे कमी बिंदूंचे चित्र रंगवून ते मोठे करणाऱ्या सोयीचा, टेकू घ्यावाच लागतो, आणि तेव्हाही गजबजलेल्या बाजारात चित्र जड होते; त्यामुळे ‘सगळे काही मॅक्स’ हा दावा या किमतीत मी करणार नाही. रेड डेडसाठी सुमारे १५० जीबी जागा लागते, आणि रोजच्या २ जीबीच्या पॅकवर तो उतरवायला अडीच महिने लागले असते. मी एसएसडी काढून पिशवीत घातली आणि नागपूरला मावसभावाच्या खोलीवर जाऊन गेम भरून आणला.

पुढची खरेदीही मी त्याच दुकानातून करीन. मात्र पेटी बांधण्याआधी बायोस उघडून रॅमचा वेग दाखवायला सांगेन.