डॅनियल डेनेटचं आत्मचरित्र: माणूस नाद खुळा, पुस्तक चार स्टार

मेंदू, जाणीव, फ्री विल (आपले निर्णय खरंच आपलेच असतात का) असल्या गोष्टींचा थोडा जरी नाद असेल तर अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेटचं 2023 ला आलेलं हे आत्मचरित्र घ्या, पण थिअरी शिकायला म्हणून घेणार असाल तर थांबा, त्यासाठी त्याचं 1991 चं जाणिवेवरचं पुस्तक आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात सांगून मागवलं, लई उशिरा आलं आणि कोपरा चेपलेला, पण छपाई एक नंबर.

आयुष्य तर पिक्चर निघावा असं. 1942 ला बोस्टनमध्ये जन्म, लहानपण बैरूतमध्ये, वडील वरवर एम्बसीतले अधिकारी आणि आतनं अमेरिकेचे हेर, ते 1947 ला इथिओपियात विमान पडून गेले. पुढं हार्वर्डला क्वाईन, ऑक्सफर्डला गिल्बर्ट राइल, दोघंही नावाजलेले तत्त्वज्ञ, गुरू बघा कसले! 1965 ला डॉक्टरेट, मग काही वर्षं कॅलिफोर्निया, आणि 1971 पासून टफ्ट्स युनिव्हर्सिटी.

मला भारी वाटला तो त्याचा हातानं काम करायचा नाद. अमेरिकेतल्या मेन राज्यात शेती, सफरचंदाचं सायडर गाळायचं, शिडाची बोट चालवायची. आम्हा उद्यमनगरच्या कारखानेवाल्यांना हे लगेच पटतं. तो म्हणतो, डोक्यात बसून सगळं बघणारा मालक कोणी नाहीच, बारके बारके बिनडोक भाग आपापलं काम करतात आणि त्यातनंच अक्कल तयार होते. आमच्याकडं बघा की, एका शेडात पंपाचं कास्टिंग, दुसरीकडं लेथवर टर्निंग, टर्नरला विचारलं पंप कुठल्या विहिरीवर बसणाराय तर त्याला पत्ता नसतो, तरी पंप पाणी उचलतोयच. (डिझाइन करणारा असतोय की, म्हणाल तर डिझाइन करणाऱ्याशिवाय डिझाइन कसं होतं हे सांगायलाच त्यानं 1995 ला डार्विनवर वेगळं जाडजूड पुस्तक लिहिलंय.)

त्याच वर्षी जॉन सर्ल या दुसऱ्या तत्त्वज्ञाबरोबर मासिकातनं जोरात जुंपली होती. सर्लचं म्हणणं, हा गडी जाणीवच नाकारतोय. खरं सांगू, इथं मी सर्लकडं झुकतो, दाढ ठणकायला लागली की ते ठणकणं नुसतं भासतंय असं कोण कसं म्हणेल? पण आत्मचरित्र आहे, त्यात बाजू लेखकाचीच असणार.

2006 ला त्याची महाधमनी फाटली, मोठं ऑपरेशन झालं, वाचला, आणि देवाचे नाही तर डॉक्टर, नर्स, मशीन बनवणारे यांचे आभार मानले. हे मी माझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, मग त्या डॉक्टरला धाडला कुणी? अंबाबाईच्या गावात डेनेटला एवढं ऐकून घ्यावंच लागणार.

कंटाळा कुठं येतो तर कॉन्फरन्स, दौरे, कोण कुठं भेटलं याच्या याद्यांमध्ये, ती पानं मी सरळ उलटली. एक स्टार त्याचाच कापला. 2024 च्या एप्रिलमध्ये तो गेला, त्यामुळं पुढचा भाग काय येत नाही. मराठीत कुणी करणार असेल तर बैरूत आणि ऑक्सफर्डची प्रकरणं आधी करा.