नोटरीचा 'घटस्फोट' बघून लग्न केलं, ७ लाख ८३ हजार गेले

सांगायला लाज वाटते, पण सांगतेय. माझा स्वतःचा पहिला घटस्फोट शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टातला. सहमतीचा अर्ज, मग सहा महिने थांबा, परत तारीख, आणि सर्टिफाईड कॉपीसाठी खिडकीवर तीन हेलपाटे. म्हणजे डिक्री (कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा) कशी दिसते हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

तरी हॉटेलात होणाऱ्या नवऱ्याने त्याच्या घटस्फोटाचा कागद काढला तेव्हा माझी फाईल पण टेबलावरच होती. त्याचा ५०० चा स्टॅम्प पेपर, वर 'घटस्फोट करारनामा', दोन साक्षीदार, नोटरीचं लाल सील. केस नंबर नाही, कोर्टाचं नाव नाही. माझ्या डिक्रीवर पानापानाला शिक्का. दोन्ही कागद शेजारी शेजारी! आणि मी काय बोलले तर "तुमचं बरं लवकर झालं हो". तो म्हणे आमच्यात फारकत चालते, कोर्टात कोण जातं. आईने पण मान हलवली, पूर्वी काडीमोड असाच व्हायचा म्हणे. वय ३७, घरात रोज एकच विषय, तुम्ही असता तर काय केलं असतं?

मॅरेज ब्युरो १२,०००. हॉल आणि जेवण २,३५,०००. लग्नाच्या नोंदणीला एजंट ४,५००, त्याने तो नोटरीचा कागद कुठे कसा लावला देव जाणे, पण सर्टिफिकेट हातात आलं म्हणून मी निर्धास्त. फ्लॅट बुकिंगला त्याच्या खात्यात ५,००,०००. अकरा महिन्यांनी पहिलीचा फोन. तिला लाख कबूल केले होते, ४० हजार टेकवले, म्हणून तिने पोटगीची केस टाकलेली आणि त्यात ती अजून बायकोच.

वकिलांनी (३१,५००) पाच मिनिटांत सांगितलं, फारकतीची रूढी कायदा मानतो पण ती तुमच्या समाजात खरंच चालत आलीय हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं, नाहीतर हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ खाली माझं लग्न मुळात झालेलंच नाही. नोंदणी असली तरी.

पोलीस स्टेशनला चार चकरा. पहिले साहेब म्हणाले नवरा-बायकोचं भांडण आहे, समुपदेशनाला जा. अहो तो नवराच नाही, तेच तर सांगायला आलेय! दुसरे म्हणाले हे अदखलपात्र, कोर्टात जा. तिसरे म्हणाले तक्रार पहिल्या बायकोने करायची, तुम्ही शिकलेल्या आहात, कागद बघायचा ना. पाच लाखांचं विचारलं तर म्हणे ते दिवाणी. चौथ्यांदा साहेब बंदोबस्ताला, अर्जावर पोच सुद्धा नाही. आणि नोटरी? "मी फक्त सह्या प्रमाणित केल्या." ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी खात्याने लेखी बजावलंय की लग्न-घटस्फोटाचे कागद नोटरींनी करायचे नाहीत, माझ्या वेळी कुठे होतात?

डिक्रीची सर्टिफाईड कॉपी मागा, झेरॉक्स नाही. ई-कोर्ट्सच्या साईटवर दोघांची नावं टाकून बघा, फुकट आहे. सहमतीच्या घटस्फोटात नुसता पहिला अर्ज दाखल झाला म्हणजे घटस्फोट नाही. डिक्री एकतर्फी असेल तर अपिलाचे ९० दिवस जाऊ द्या. लग्नाआधी त्याच्या नावावर रुपया टाकू नका, नंतरही घाई नको.

पुढची तारीख १९ ला आहे. मंगळसूत्र त्याच्या लॉकरमध्ये, ५८,४०० ची पावती माझ्याकडे.