जुन्या इंजेक्टरचा कॉम्प्रेशन अ‍ॅडॉप्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायला, इंजेक्टर काढून त्याच्या जागी बसवायचा हा अ‍ॅडॉप्टर. सिलिंडरांची आपसात तुलना करायला तो उत्तम. पण आकडा मॅन्युअलशी ताडून थेट इंजिन खोलायचा निर्णय घ्यायचा असेल, तर जरा जपून. आठ महिन्यांच्या वापरात एक गोष्ट पक्की झाली: या हत्यारात झडप (हवा आत घेऊन परत न सोडणारी) कुठे बसते यावर सगळं अवलंबून आहे.

जुन्या इंजेक्टरला आरपार भोक पाडून वर गेज (दाब दाखवणारं काट्याचं मीटर) आणि झडप लावायची, ही नेहमीची पद्धत. ती का फसते ते बघा. सिलिंडर ५०० सीसीचा आणि कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) २०:१ धरला, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम २६ सीसी. ८ मिमी व्यासाचं, १५० मिमी लांब भोक त्यात साडेसात सीसीची भर घालतं. रेशो १६ च्याही खाली घसरतो आणि ठणठणीत इंजिन पाव हिश्श्याने कमी दाखवतं. झडप टोकाशी असेल तर मागची पोकळी दर स्ट्रोकला थोडी थोडी भरत जाते. ती मोठी असली तरी फक्त सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो.

म्हणून इंजेक्टरचं पुढचं टोक, म्हणजे नोझल, ठेवायचंच नाही. ते कडक केलेलं असतं, साध्या ड्रिलला दाद देत नाही. त्याऐवजी माइल्ड स्टीलचा प्लग लेथवर फिरवून घ्यायचा: खांदा आणि लांबी मूळ नोझलइतकीच, पुढे ३ मिमी भोक, मागच्या बाजूने व्हॉल्व्ह कोअरचे (हीच ती झडप) आटे. प्लगची वरची बाजू सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासायची, नाहीतर होल्डरच्या (इंजेक्टरच्या वरच्या धडाच्या) जोडातून हवा निसटते. होल्डरमधली स्प्रिंग, पिन, शिम काढून टाकायच्या. इनलेटमध्ये बारीक फिल्टर असला तर तोही.

रिटर्नचं (उरलेलं डिझेल परत जाण्याचं) तोंड बोल्ट आणि तांब्याचा वॉशर लावून बंद करायला विसरू नका. झडपेनंतरची पोकळी चालते, गळती चालत नाही.

इनलेटला ग्रीस गनची होज जोडली. बहुतेक होल्डरना १२ किंवा १४ मिमीचे, दीड मिमी पिचचे आटे असतात; मोजूनच कनेक्टर करावा. गेज ० ते ६० बारचं, शेजारी दाब सोडायला एक स्क्रू. टेफ्लॉन टेप वापरू नये. तिचे तंतू सुटून झडपेत अडकतात आणि काटा हळूहळू उतरायला लागतो.

वापरातली सगळ्यात मोठी डोकेदुखी व्हॉल्व्ह कोअर. टायरच्या कोअरची स्प्रिंग कडक असते, त्यामुळे आकडा कमी येतो, आणि त्याचं रबर उष्णतेने कडक होऊन चिरतं. कॉम्प्रेशन टेस्टरसाठी मिळणारा हलक्या स्प्रिंगचा कोअरच घ्यावा. तोही कायमचा नाही. आठ महिन्यांत तिसरा चालू आहे. ओळखायची खूण सोपी: सेल्फ थांबवल्यावर काटा जागेवर राहायला हवा. घसरला तर आधी कोअर काढून काजळी पुसा.

अ‍ॅडॉप्टरखालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा, किंवा लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलेला. बसवण्याआधी इंजिनातल्या इंजेक्टरच्या भोकात टॉर्च मारावा. जुना वॉशर आत चिकटून राहिला की दोन वॉशर होतात, अ‍ॅडॉप्टर वर उचलला जातो आणि त्या एकाच सिलिंडरचा आकडा पडतो. शंका आली तर कडेने साबणाचं पाणी टाकून बघा.

इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण भरलेली, सगळे इंजेक्टर बाहेर. स्टॉप लिव्हर ओढून बांधा किंवा फ्युएल सोलेनॉइडची वायर काढा. मोकळ्या पाइपांची तोंडं भांड्यात सोडा. डिझेल आत जाऊन पेटलं तर दाब १०० बारच्या वर सहज जातो, आणि तेव्हा गेजसमोर कोणाचं तोंड नको. कॉमन रेल (कॉम्प्युटरने चालणारे इंजेक्टर असलेल्या) इंजिनावर मी हा अ‍ॅडॉप्टर वापरणार नाही. तिथे स्कॅनरने सिलिंडरांची तुलना करणं बरं.

काटा थांबेपर्यंत पाच-सहा सेकंद सेल्फ मारायचा. पहिल्या स्ट्रोकला काटा कमी उठून मग हळूहळू चढत गेला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. खालीच अडकला तर इंजिनाचे व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले तर हेड गॅस्केट. पेट्रोल इंजिनासारखं तेल ओतून पुन्हा मोजण्याचा मोह मात्र टाळा. २६ सीसीच्या जागेत १० सीसी तेल गेलं तर रेशोच बदलतो, वाढलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, आणि तेल जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

गेज कॉम्प्रेसरवर ताडून पाहिलं, पण ते ८-१० बारपर्यंतच; वरच्या पट्ट्यात चूक किती, ते त्यावरून कळत नाही. म्हणून चारही सिलिंडर एकाच गेजने, एकाच बैठकीत मोजायचे. त्यांच्यात ५ बारपेक्षा जास्त फरक आला तर अ‍ॅडॉप्टर काढून, वॉशर बदलून, त्याच सिलिंडरवर परत एकदा.