बी.एड.ची दोन वर्षं: पैसे नेमके कशाचे वसूल होतात

बी.एस्सी., एम.ए., एम.एस्सी. करून शिक्षक व्हायचं ठरवलेली मुलंमुली मला एकच विचारतात : बी.एड. नुसतं कागदासाठी करायचं, की त्यातून खरंच काही शिकायला मिळतं? मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित अध्यापक महाविद्यालयात बी.एड. केलं आणि आता आठवी ते दहावीला विज्ञान-गणित शिकवते. माझं मत स्पष्ट आहे. बी.एड. शिकवतं, आणि चांगलं शिकवतं, पण जिथे तुमचा पाठ कुणीतरी शेवटपर्यंत बसून बघतं तिथेच. कॉलेज निवडताना मी इमारतीच्याही आधी हेच बघेन.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. पदवीला किमान 50 टक्के (आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे) आणि राज्याची सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा). सीईटीत 90 मिनिटांत 100 प्रश्न असतात, नीट सराव केला तर अवघड जात नाही. सहावीपासून पुढे शिकवायचं असेल तरच या वाटेला या. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्येच स्पष्ट केलंय. तरी अजून कितीतरी जण "बी.एड. केलं की कुठेही लागता येतं" अशा समजुतीने फॉर्म भरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. एक कौशल्य घ्यायचं, आपल्याच वर्गमित्रांना विद्यार्थी करून बसवायचं आणि सहा मिनिटं शिकवायचं. मग सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे बघणाऱ्यांच्या सूचना), बारा मिनिटांत पाठाची फेरमांडणी, पुन्हा सहा मिनिटं अध्यापन आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. असं 36 मिनिटांचं एक चक्र. प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण, फलकलेखन, प्रबलन (शाबासकी देऊन मुलांना उत्तेजन), चेतक बदल (आवाज, हालचाल बदलून लक्ष टिकवणं) अशी एकेक कौशल्यं त्यात येतात. नावं पुस्तकी वाटतात, काम मात्र अगदी हाताचं आहे. फलकलेखनाच्या चक्रात डोक्यात एवढंच ठेवायचं : अक्षर सरळ येतंय का, आपण लिहिलेल्याच्या आड उभे राहतोय का, पुसताना मुलांनी उतरवून घेतलंय का. बाकी सगळं विसरायचं. खरा लाभ पुनरध्यापनात, म्हणजे दुसऱ्यांदा शिकवण्यात आहे. आत्ताच ऐकलेली सूचना अर्ध्या तासाच्या आत वापरून बघायला मिळते. नोकरीत अशी सोय पुन्हा कधी मिळत नाही. काही ठिकाणी वेळ नाही म्हणून हे दुसरं अध्यापन गाळून थेट सही होते. तसं झालं की चक्रच मोडतं, उरतो फक्त वहीतला तक्ता.

त्यानंतर शाळेतले सराव पाठ. आदल्या दिवशी पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) तपासून घ्यायचं, गुंडाळफळा, तक्ते, साहित्य घेऊन शाळा गाठायची आणि पूर्ण तासिका घ्यायची. आमच्या विषयाची अध्यापन पद्धत शिकवणाऱ्या मॅडम शेवटच्या बाकावर बसायच्या आणि घंटा होईपर्यंत उठायच्या नाहीत. वर्गमैत्रिणींच्या पाठांचं निरीक्षण आम्हालाही करावं लागायचं, त्यासाठी मॅडमनी एक साधी रीत शिकवली होती. कागदावर वर्गातल्या बाकांचा नकाशा काढायचा आणि छात्रशिक्षिका (पाठ घेणारी बी.एड.ची विद्यार्थिनी) ज्या मुलाला प्रश्न विचारेल त्याच्या चौकोनात टिंब द्यायचं. बास, बाकी काही लिहायचं नाही. आठवीच्या एका पाठात मी असा नकाशा भरत होते. पाठ सुरेख चालला होता, मुलं हात वर करत होती, उत्तरं येत होती. तासिका संपल्यावर कागद बघितला तर टिंबं सगळी मधल्या रांगांत. खिडकीकडच्या रांगेत मागे बसलेल्या मुलींचे चौकोन कोरे. मॅडमनी तो कागद त्या मैत्रिणीपुढे ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "या मुलींचं आज काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे का?" पुढच्या पाठात तिने पहिलाच प्रश्न त्या रांगेला विचारला. मी आजही महिन्यातून एकदा वर्गातल्या एखाद्या मुलीला असा नकाशा भरायला सांगते.

विषयाच्या अध्यापन पद्धतीचा तास हा दुसरा मोठा फायदा. एम.एस्सी.ला न्यूटनचे नियम गणितं सोडवण्यापुरते कळलेले असतात. ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कुठे अडतात, हे तिथे कुणी सांगत नाही. इथे आम्हाला आधी मुलांची समजूत काय आहे ती काढायला लावली. नववीच्या 'गतीचे नियम' या पाठाच्या आधी वर्गाला विचारायचं, घरंगळत गेलेला चेंडू का थांबला? जवळजवळ सगळी मुलं सांगतात, "त्यातलं बळ संपलं." हे उत्तर चूक म्हणून झटकलं, तर मूल परीक्षेपुरती व्याख्या पाठ करतं आणि मनात तीच समजूत ठेवतं. मग कॅरम बोर्ड आणायचा. आधी पावडर न टाकता स्ट्रायकर सारायचा, मग पावडर टाकून तितक्याच जोरात सारायचा. "बळ तेवढंच दिलं, मग या वेळी लांब का गेला?" इथे वर्गात वाद सुरू होतो, आणि घर्षण हा शब्द मुलंच काढतात. पावडर आणखी गुळगुळीत असती तर? घर्षण अजिबातच नसतं तर? पहिला नियम या प्रश्नांतून येतो. असा पाठ रचायला मला बी.एड.ने शिकवलं. माझं पदव्युत्तर शिक्षण त्याला पुरलं नसतं.

मूल्यमापनाचा पेपरही मनापासून करा. प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता करायला कंटाळा येतो, पण कोणत्या घटकाला किती गुण, ज्ञानावर किती, आकलनावर किती, उपयोजनावर किती, हे एकदा हाताने मांडलं की घटक चाचणी काढताना नुसती पाठांतराची प्रश्नपत्रिका तयार होत नाही.

मानसशास्त्राबाबत मात्र माझी तक्रार आहे. पियाजे, व्हायगॉट्स्की, थॉर्नडाइक सगळे येतात, पण बरंचसं नोट्समधून, परीक्षेच्या उत्तरांसारखे. ज्या वर्गात आपण पाठ घेतोय त्या मुलांशी त्यांची सांगड घातली जात नाही. आणि लेखनकाम! प्रत्येक पेपरची प्रात्यक्षिकं, अहवाल, फायली. जुन्या बॅचच्या फायली हातोहात फिरतात आणि त्यावरून नक्कल होते. कृती संशोधनासारखी सुंदर गोष्टसुद्धा त्यात वाया जाते. माझ्याच वर्गातली मुलं अपूर्णांकाच्या भागाकारात का चुकतात याचा छोटासा शोध घ्यायला जितका वेळ लागला असता, तितका मुखपृष्ठ आणि समासाच्या रेघांना गेला. हे बदलायला हवं, आणि ते प्राध्यापकांच्याच हातात आहे.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला तो 2015 पासून. त्या आधी एका वर्षात सगळं उरकायचं. वाढलेल्या वेळातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे आंतरवासिता (शाळेत राहून प्रत्यक्ष काम करण्याचा काळ), पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16 आठवडे. पाहुणा म्हणून पाठ घेणं वेगळं आणि सोळा आठवडे त्याच शाळेत असणं वेगळं. परिपाठ, हजेरीपट, पोषण आहाराची नोंद, पेपर तपासणी, पालकसभा, पावसाळ्यात भातलागणीला गेलेली आणि आठवडाभर न आलेली मुलं, हे सगळं तिथे समजतं. शाळा चांगली मिळाली तर एखादा जुना शिक्षक तुम्हाला हाताशी धरतो. तसं नाही झालं तर गैरहजर शिक्षकांच्या तासिका भरायला तुमचा वापर होतो. कोणत्या शाळा मिळतात आणि कॉलेजचा मार्गदर्शक तिथे किती वेळा येतो, हे प्रवेशाआधीच विचारा.

"रोज यायची गरज नाही, परीक्षेला या" असं सांगणारी कॉलेजं आहेत. नोकरी करता करता पदवी मिळेल म्हणून मोह होतो, मला समजतं. घरची ओढाताण असेल तर जास्तच. पण राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या नियमात वर्षाला किमान 200 दिवस काम, 80 टक्के हजेरी आणि आंतरवासितेला 90 टक्के हजेरी सांगितली आहे. ती हजेरी कागदावर लागली तर तुम्ही फी भरून पाठच सोडून दिलेत. पुढे पन्नास-साठ मुलांसमोर उभं राहिल्यावर ते पाठ कुठून आणणार?

नोकरीचं खोटं चित्र मला रंगवायचं नाही. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागतो. अनुदानित शाळांची भरती पवित्र या राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरती पोर्टलवरून होते आणि त्यासाठी टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) द्यावी लागते. टेट पहिल्यांदा 2017 ला झाली, नंतर थेट 2023 ला, मग 2025 ला. मधल्या काळात पदवी घेतलेल्यांची उमेदीची वर्षं वाट बघण्यात गेली. शिवाय दोन तासांत 200 प्रश्नांच्या त्या परीक्षेत अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता तपासतात, तुम्ही वर्गात उभे कसे राहता हे त्यात दिसत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून टीईटी-टेटचा अभ्यास वेगळा चालू ठेवा, बी.एड.च्या अभ्यासावर विसंबू नका. आणि खर्चाचा विचार आधी करा. अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजच्या फीमध्ये बराच फरक पडतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसमधून माहितीपुस्तिका घेऊन परत फिरू नका. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या छात्रशिक्षिकेला गाठा आणि तिची पाठ निरीक्षण वही मागा. प्रत्येक पाठाखाली 'चांगला प्रयत्न' आणि सही एवढंच असेल तर दुसरं कॉलेज बघा. मुलाचं नाव, विचारलेला प्रश्न, फळ्यावरची चुकलेली आकृती असं काही लिहिलेलं दिसलं, तर फी थोडी जास्त असली तरी तिथेच प्रवेश घ्या.