शेवटची रांग की मधली?

नागपूरच्या सीताबर्डीत सिनेमाला जाताना शेवटच्या रांगेतल्या रिक्लायनरचा मोह होतोच. पाय पसरतात, मागून कुणाचे गुडघे टोचत नाहीत. पण आवाज? मागच्या भिंतीवरचे स्पीकर थेट डोक्याशी येतात आणि पडद्यामागून येणारे संवाद त्यात दबतात. थिएटरचा आवाज जुळवताना पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतर धरतात; १५ रांगा असतील तर दहावी, तीही मधोमध. आमचं मत तिलाच, स्वस्तही पडते. बुकिंग करताना नकाशात पडदा कुठे आहे ते बघा, ‘ए’ रांग कुठे पुढे असते, कुठे मागे. आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांतून घामेजून एसीत शिरणार, तेव्हा दुपट्टा डिकीत ठेवू नका.