घुशीचा पिंजरा: घ्यायचा तर दोन फुटी

वेल्ड जाळीचा हा पिंजरा कोकणातल्या हार्डवेअरच्या दुकानांत 'महाकाय उंदरांसाठी' म्हणून विकतात. महाकाय म्हणावा असा उंदीर खरं तर न्यू गिनीच्या उंच डोंगरी रानात असतो: अंगावर लोकरीसारखे दाट केस, शेपटीसकट 85 सेंमी लांबी, वजन 2 किलोच्या घरात, आणि खाणं झाडपाला. आपली घूस त्याच्या निम्म्याने भरते. पण चिऱ्याच्या जोत्याखालची माती उपसायला तेवढी पुरे.

पिंजरा दीड फुटी आणि दोन फुटी अशा दोन मापांत येतो. दीड फुटीचं मापच चुकलंय. मोठ्या घुशीचं अंग फूटभर, शेपटी जवळपास तेवढीच. आमिष अडकवायचा आकडा दारापासून जेमतेम फुटावर. ती खोबरं ओढते तेव्हा शेपूट उंबऱ्यावरच असते. दार शेपटीवर पडतं, फट राहते, आणि फटीत नाक घालून घूस दार उचलते. गेली! एकदा निसटलेली घूस त्या पिंजऱ्याकडे सहसा फिरकत नाही. दोन फुटीत शेपूट आत मावते. तरी घेताना पडलेलं दार बोटाने उचलून बघा. खिट्टी नसेल तर घेऊ नका. नुसती स्प्रिंग खाऱ्या हवेत लवकर गंजते, तिला मशीनचं तेल लागतंच.

पहिल्याच रात्री लावून उपयोग नाही. नव्या वस्तूला घूस बिचकते. दार तारेने उघडं बांधून तीन-चार रात्री आत खाणं ठेवा, मग आकडा लावा. पिंजरा अंगणाच्या मधोमध नको, गडग्याला किंवा भिंतीला चिकटून, तोंड तिच्या वाटेवर. तळाच्या जाळीवर माती पसरा. आमिष भाजलेलं सुकं खोबरं किंवा सुकट, आकड्याला घट्ट बांधलेलं आणि बाजूच्या जाळीपासून लांब, नाहीतर बाहेरूनच ओढून नेते.

नारळ पोखरणाऱ्या माडावरच्या उंदरांना हा पिंजरा निरुपयोगी. तिथे खोडाला दोन मीटर उंचीवर 40 सेंमी रुंद पत्रा गुंडाळावा. झावळ्या शेजारच्या माडाला टेकत असतील तर तोही फुकट.

पावसात लेप्टोची, म्हणजे उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची भीती असते, म्हणून पिंजरा उघड्या हाताने धरू नका. रबरी हातमोजे घालून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा आणि कोरडा करूनच पुन्हा लावा.