जर्नल खरं, वेबसाईट चोरांची: केअर लिस्टच्या नावाखाली माझा पेपर कसा गिळला

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारे, सेट-नेट करून पीएचडीला लागलेले, मुलाखतीच्या फाईलसाठी रिसर्च पेपर छापायच्या मागे असलेले जे कोणी असाल त्यांनी हे वाचा, कारण मला ज्या पद्धतीने गंडवलं ती पद्धत अजून जोरात चालू आहे, उलट आता जास्तच सोपी झालीये.

माझा विषय इतिहास. पेपर होता आमच्या भागातल्या जुन्या बारवांवर. सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची, गावोगाव फिरायचं, पायऱ्या मोजायच्या, देवकोष्ठांचे फोटो काढायचे, गाळात बुडालेला शिलालेख दिसला तर गावकऱ्यांच्या हातापाया पडून साफ करून घ्यायचा. हे सगळं पदरच्या पेट्रोलवर, तेही तासिकांचं मानधन सहा-सहा महिने लटकलेलं असताना. आणि पेपर का छापायचा, तर असिस्टंट प्रोफेसरच्या शॉर्टलिस्टिंगला यूजीसीच्या २०१८ च्या नियमात एका पेपरला २ मार्क, जास्तीत जास्त विद्यापीठाला १० आणि कॉलेजला ६. या दोन मार्कांवर केवढा मोठा बाजार उभा आहे ते ज्याला लागतं त्यालाच कळतं.

२०२३ ची गोष्ट. व्हॉट्सअपच्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर 'कॉल फॉर पेपर्स' आला. जर्नलचं नाव एकदम जुनं, दबदब्याचं, एका संशोधन संस्थेचं त्रैमासिक, आमच्या गाईडच्या कपाटात त्याचे पिवळे पडलेले अंक आहेत. केअर लिस्ट, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नल्सची तेव्हाची यादी, तिच्यात ग्रुप वन. मी यूजीसी केअरच्या साईटवर जाऊन बघितलं, नाव होतं. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर, जुळवला, तोही तंतोतंत जुळला. मेसेजमधल्या लिंकवर झकास वेबसाईट, वर 'ओपन अ‍ॅक्सेस, पिअर रिव्ह्यूड' असं ठळक, म्हणजे वाचायला फुकट आणि तज्ज्ञांनी तपासलेलं, खाली संपादक मंडळाची नावं, त्यातली निम्मी नावं आपल्याला माहिती असलेली. पेपर मेल केला. दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्सेप्टन्स लेटर. फी साडेचार हजार, क्यूआर कोड सोबत.

आता कोणी म्हणेल पैसे मागितले तिथेच शंका यायला पाहिजे होती. नाही, तसं नाहीये, आणि हाच या प्रकरणातला खरा पेच आहे. पूर्वी जर्नल विकत घेऊन वाचायचं, बिल वाचणाऱ्याच्या नाहीतर लायब्ररीच्या नावावर. ओपन अ‍ॅक्सेस आलं तेव्हा वाचणं फुकट झालं आणि बऱ्याच ठिकाणी तेच बिल लिहिणाऱ्याच्या नावावर फाडलं जाऊ लागलं. हे चोरच करतात असं नाही, 'नेचर' मासिकाने २०२० मध्ये ओपन अ‍ॅक्सेससाठी एका पेपरला ९,५०० युरो जाहीर केले, म्हणजे आपले आठ लाखांच्या वर. जिथे जगातलं सगळ्यात नावाजलेलं मासिक लाखांत पैसे घेतं तिथे साडेचार हजार मागणारा आपल्याला चोर कसा वाटणार? लिहिणाऱ्याकडून पैसे घ्यायचे ही रीत एकदा मान्य झाली की तिच्या आडोशाने कोणीही दुकान टाकू शकतो.

आणि ओपन अ‍ॅक्सेसला शिव्या द्यायलाही माझी जीभ रेटत नाही. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत इतिहासाचं एकही चालू जर्नल येत नाही, बारवांवर जे काही वाचलं ते फुकट मिळालं म्हणूनच वाचलं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात २००३ ला सुरू झालेली डीओएजे नावाची ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सची यादी आहे, सुरुवातीला तिच्यात ३०० जर्नल्स होती, आता वीस हजारांच्या वर गेलीत, आणि त्यातली कित्येक लेखकाकडून एक रुपया घेत नाहीत. यालाच डायमंड ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. हे मला पैसे गेल्यावर कळलं तो भाग वेगळा.

तर पैसे भरले. मग 'डीओआय चार्जेस' (डीओआय म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाईन नंबर) म्हणून आणखी आठशे, मग छापील अंक आणि सर्टिफिकेटचा कुरिअर खर्च. मागणाऱ्या माणसाचं नाव दर वेळी वेगळं, यूपीआयवर दिसणारं नाव तिसरंच. अंक आला, गुळगुळीत कव्हर, आत बारवांच्या शेजारी कबड्डीपटूंच्या फिटनेसवर एक पेपर, जीएसटीवर एक आणि सोयाबीनच्या किडींवर एक. इतिहासाच्या त्रैमासिकात! कव्हरवर इम्पॅक्ट फॅक्टरही, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचे संदर्भ इतर लोक किती देतात त्याचा आकडा, छापलेला. अहो, इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जूनच्या आसपास जाहीर करते, बाकीचे जे 'ग्लोबल', 'इंटरनॅशनल' अशी विशेषणं लावलेले आकडे फिरतात ते विकत मिळतात.

फुटलं कधी, तर मुलाखतीच्या छाननीत. समितीतले एक सर फाईल चाळता चाळता थांबले आणि म्हणाले, हे क्लोन आहे. मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं की केअर लिस्टमधली बरीच जुनी मराठी-हिंदी जर्नल्स फक्त छापील निघतात, त्यांची वेबसाईटच नसते, चोर नेमकी तीच हेरतात, त्या नावाचं डोमेन घेतात, खरा आयएसएसएन लावतात आणि बसतात. म्हणजे आपण यादीत नाव शोधलं, नंबर ताडला, सगळं खरंच निघणार, कारण ते खरंच आहे, फक्त आपण ज्याला पेपर पाठवला तो माणूस त्यातला नाही. माझ्या पेपरला मार्क शून्य.

घरी येऊन गाईडकडून जुना अंक आणला, मागच्या पानावरच्या लँडलाईनवर फोन लावला. वयस्कर संपादक होते. म्हणाले, "आमची वेबसाईटच नाही हो. आम्ही वर्गणी सोडून कोणाकडून पैसा घेत नाही. तुम्ही पहिले नाही फोन करणारे." बिचारे माझ्यापेक्षा जास्त वैतागलेले, कारण लोक येऊन त्यांनाच पावती मागतात.

पैशाचं एकवेळ राहू द्या. पेपरचं काय? तो त्या चोरांच्या साईटवर पीडीएफ होऊन बसलाय. दुसरीकडे पाठवला तर सॉफ्टवेअर सरळ सत्तर-ऐंशी टक्के चोरी दाखवतं, माझीच माझ्याकडून. काढून टाका म्हणून मेल केला तर उत्तर आलं, विड्रॉवल फी सहा हजार. छापायला साडेचार आणि पुसायला सहा! सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर तक्रार केली, नंबर मिळाला, पैसे परत आले नाहीत.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर लिस्टच बंद केली. चांगलं जर्नल कोणतं ते आता विद्यापीठांनी नि कॉलेजांनीच ठरवायचं, यूजीसीने नुसते निकष दिलेत. यादी काही धुतल्या तांदळासारखी नव्हतीच, केअरच्या आधीच्या यादीतून तर २०१८ च्या मे महिन्यात ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढावी लागली होती, पण क्लोन झालेल्या जर्नल्सची सूचना तरी केअरच्या साईटवर बघायला मिळायची. आता व्हॉट्सअपवर 'एक्स केअर जर्नल' अशा जाहिराती येतात, म्हणजे मेलेल्या यादीच्या नावावर धंदा चालूच.

आणि हे आपल्याच मागे लागलंय असंही नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' मासिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम चुकांनी भरलेला एक बनावट पेपर ३०४ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सना पाठवला होता, निम्म्याहून जास्त जर्नल्सनी तो घेतला, आणि त्या ३०४ पैकी साधारण तिसरा हिस्सा जर्नल्स भारतातली. जर्नल्स काढणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स कंपनीवर अमेरिकेच्या कोर्टाने २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायचा आदेश दिला, तोही खोट्या रिव्ह्यूबद्दल आणि फी लपवल्याबद्दलच.

मी आता काय करतो ते सांगतो. लिंक कोणीही पाठवू दे, अगदी एचओडी सरांनी पाठवली तरी, आधी लायब्ररीतला छापील अंक शोधतो आणि त्यातल्याच नंबरवर फोन करतो, वेबसाईटवरच्या नाही. जुन्या अंकांची अनुक्रमणिका बघतो, कबड्डी आणि जीएसटी एकत्र दिसले की बंद. डीओआय दिला असेल तर तो डीओआयच्या साईटवर टाकून बघतो. मला आठशे रुपयांना मिळालेला नंबर तिथे उघडतच नाही. काही चोर पेपर झेनोडोवर टाकून तिथला डीओआय विकतात, आणि झेनोडो ही सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेची पेपर ऑनलाईन ठेवायची फुकट सोय आहे, तुम्ही आम्ही कोणीही घरबसल्या टाकू शकतो. पैसे संस्थेच्या खात्याऐवजी कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले तर पुढे बोलतच नाही.

ज्यांचा पेपर आधीच अडकलाय त्यांनी स्क्रीनशॉट, यूपीआयच्या पावत्या, मेल सगळं जपून ठेवा, खऱ्या संपादकांना लेखी कळवा, त्यांच्याकडून 'हा लेख आमच्या अंकात छापलेला नाही' असं पत्र घ्या. मला ते मिळालंय, आणि त्या पत्राच्या जोरावर एका दुसऱ्या संपादकांनी पेपर नव्याने लिहून पाठवायला सांगितलाय, चार नवीन बारवा घालून. विड्रॉवल फी मात्र अजिबात भरू नका, ती भरून पेपर खरोखर निघाला असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.